पहिल्या अध्यायानंतर थेट दहावा: छोट्या प्लेअरवर क्रम का बिघडतो, आणि नीट केल्यावर पुन्हा का बिघडतो

पहिला अध्याय संपतो आणि दुसऱ्याऐवजी दहावा सुरू होतो. मग अकरावा, बारावा असं करत अठरावा, आणि त्यानंतर कुठे दुसरा. किंवा याहून विचित्र प्रकार: सगळं ओळीने चाललंय आणि मागाहून भरलेली एकच फाइल भलत्याच जागी मधे घुसलेली. स्वस्तातला, खिशाला अडकवायचा म्युझिक प्लेअर घेतलेल्या माणसाकडून माझ्यापर्यंत येणारी सगळ्यात नेहमीची तक्रार हीच असते. ती एकदा निस्तरली तरी थोड्या दिवसांनी तीच व्यक्ती तोच प्लेअर घेऊन परत येते.

गाण्यांच्या बाबतीत क्रम चुकला तर फारसं बिघडत नाही. पण आमच्या ऐरोलीतल्या सोसायटीत हे प्लेअर वापरणारे निम्मेअधिक लोक पारायण, हरिपाठ किंवा कथा-कादंबरीचं वाचन ऐकणारे आहेत. तिथे दुसऱ्याच्या आधी दहावा लागून कसं चालेल? बाकीचे आहेत ते ठाणे-वाशी लोकलने जाणारे. संध्याकाळी तुर्भ्याला गाडीत शिरल्यावर हात वर काढायलाही जागा नसते. तेव्हा फोन बाहेर काढण्यापेक्षा खिशातल्या खिशात अंगठ्याने बटण दाबता येणारा प्लेअर सोयीचा, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

शेजारच्या काकूंनी विचारलं होतं, "अरे, दुकानदाराने बदलून दिला तरी हा नवासुद्धा तसंच करतोय. लागोपाठ दोन्ही पीस खराब कसे निघतील?" तेच तर. प्लेअर खराब नसतोच. तोच कार्ड दुसऱ्या प्लेअरमध्ये घातला की बहुतेक वेळा तोच घोळ दिसतो. गडबड कार्डावर फाइली ज्या पद्धतीने लिहिल्या गेल्या तिथे असते, त्यामुळे प्लेअर बदलण्यात पैसे घालवू नका.

आधी शफल बंद आहे ना ते बघा

हे सांगायला संकोच वाटतो, पण बिनापडद्याच्या प्लेअरवर एखादं बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं की शफल, म्हणजे मनाला येईल त्या क्रमाने वाजवणं, चालू होतं आणि कळतही नाही. पडदा असेल तर एकमेकांना छेदणारे दोन बाण दिसतात. ओळखायची सोपी रीत अशी: तोच फोल्डर पहिल्यापासून दोनदा लावा. दोन्ही वेळा क्रम वेगवेगळा आला तर शफल चालू आहे. दोन्ही वेळा चुकीचा, पण तोच चुकीचा क्रम आला, तर पुढे वाचा.

तुमचा प्लेअर क्रम कशावरून लावतो?

इथेच बहुतेक सल्ले फसतात. कोणी सांगतं नावाआधी आकडे घाला, कोणी सांगतं टॅग भरा, कोणी सांगतं फॉरमॅट मारा, म्हणजे कार्ड पूर्ण पुसून कोरं करा. तिन्ही सल्ले बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या प्लेअरसाठी. काही प्लेअर फाइलच्या नावावरून क्रम लावतात. काही नाव बघतच नाहीत, कार्डाच्या यादीत जी फाइल आधी नोंदलेली ती आधी वाजवतात. आणि काही फाइलच्या आत दडलेली माहिती, म्हणजे टॅग, वाचून स्वतःची यादी बनवतात. आपला प्लेअर कुठल्या जातीचा हे खोक्यावर लिहिलेलं नसतं. त्यासाठी एक छोटी चाचणी करायची.

ऐकताच ओळखू येतील अशी तीन गाणी घ्या. त्यांना ०१, ०२, ०३ अशी नावं द्या. फाइलला नाव देताना आकडे इंग्रजी घ्या, कारण पुढे कळेल. मग टॅगमध्ये मुद्दाम उलटं लिहा: ०३ या फाइलचा ट्रॅक नंबर एक, ०२ चा दोन, ०१ चा तीन. शीर्षकंही त्याच उलट्या ओळीने ए, बी, सी अशी द्या आणि अल्बमचं नाव तिन्हींना एकच. आता कार्डावर एक नवा फोल्डर करून त्यात फाइली एकेक करून टाका: आधी ०२, मग ०३, शेवटी ०१. प्लेअरवर हा फोल्डर किंवा हा अल्बम लावा. पहिल्यांदा ०१ वाजली तर प्लेअर नावावर चालतो. ०२ वाजली तर कॉपी केल्याच्या क्रमावर. ०३ वाजली तर टॅगवर. काही प्लेअरमध्ये 'फोल्डर' आणि 'म्युझिक' असे दोन वेगळे मेनू असतात आणि दोन्हीकडे वेगळं उत्तर येतं. तसं झालं तर जो मेनू रोज वापरता त्याचंच उत्तर धरा.

नावावर चालणारा प्लेअर

हा सगळ्यात सरळ. याच्या लेखी १० हे २ च्या आधी येतं, कारण तो आकडा म्हणून किंमत बघत नाही, एकेक अक्षर बघतो, आणि १ हे २ च्या आधी. माणसं गोंधळतात ती कॉम्प्युटरमुळे. विंडोज एक्सपीपासून एक्सप्लोररमध्ये २ आधी आणि १० नंतर असं समजूतदारपणे दाखवलं जातं, त्यामुळे पडद्यावर सगळं ओळीने दिसतं आणि प्लेअरवर घोटाळा होतो. उपाय म्हणजे पुढे शून्य लावणं: ०१, ०२ पासून १८ पर्यंत. शंभराच्या वर फाइली असतील तर ००१ पासून सुरुवात करा.

इथे एक सापळा आहे. विंडोजमध्ये सगळ्या फाइली एकदम निवडून नाव बदललं तर ती कंसात आकडा घालून नावं देते, पण पुढे शून्य लावत नाही. म्हणजे मेहनत करून तुम्ही पुन्हा तिथेच. त्याऐवजी एमपीथ्रीटॅग हा प्रोग्रॅम वापरा. विंडोजवर तो फुकट आहे, त्यात आपोआप क्रमांक देण्याची सोय आहे आणि पुढे शून्य हवं की नको तेही विचारतो. मग ट्रॅक नंबरावरून फाइलचं नाव बनवून घेता येतं.

दुसरा घोळ खास आपला. काही फाइलींच्या नावात इंग्रजी आकडे आणि काहींत मराठी आकडे असले की दोन वेगळे गट पडतात. युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत, देवनागरी आकडे इंग्रजी आकड्यांच्याच नव्हे तर सगळ्या इंग्रजी अक्षरांच्याही नंतर येतात, त्यामुळे मराठी आकड्यांच्या फाइली तळाशी जाऊन बसतात. वेगवेगळ्या नातेवाइकांकडून व्हॉट्सॲपवर जमवलेल्या अध्यायांत हे हमखास दिसतं. नावाच्या सुरुवातीला इंग्रजी आकडा आणि पुढे हवं तर मराठी, अशी एकच रीत ठेवा.

कॉपीच्या क्रमावर चालणारा प्लेअर, म्हणजे खरं दुखणं

स्वस्त प्लेअरमध्ये, आणि पेनड्राइव्ह लावून भजनं वाजवणाऱ्या छोट्या स्पीकरमध्येही, हाच प्रकार जास्त भेटतो. परत परत होणारी तक्रारही याचीच. म्हणून जरा आत शिरून सांगतो.

कार्ड बहुधा फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असतं. त्यात प्रत्येक फोल्डरची एक यादी असते आणि यादीत ३२ बाइटची एकेक नोंद. फाइल टाकली की नोंद होते. फाइल पुसली की ती नोंद खरोखर निघून जात नाही. तिच्या पहिल्या बाइटवर फक्त 'मोकळी' अशी खूण होते. नंतर नवी फाइल आली की तिला बहुधा ही मोकळी जागाच दिली जाते. चाळीतली मधली खोली रिकामी झाली की नवं बिऱ्हाड तिथेच येतं, शेवटच्या खोलीपुढे नवी खोली कोणी बांधत नाही, तसं. प्लेअर बिचारा दारं मोजत सरळ जातो. म्हणून पाचवा अध्याय नीट ऐकू येत नाही म्हणून पुसला आणि त्या जागी भलतंच काही भरलं, तर ते चौथ्या आणि सहाव्याच्या मधे वाजतं. आणि पाचव्याची चांगली प्रत महिन्याभराने मिळाली तर ती सगळ्यांच्या शेवटी.

"पण कधी मधे जातं, कधी शेवटी जातं, असं का?" हेही विचारलं जातं. त्याचं उत्तर नावाच्या लांबीत आहे. लांब नाव एका नोंदीत मावत नाही. नावाच्या दर १३ अक्षरांमागे एक जादा नोंद लागते, आणि मराठी नावात काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळं अक्षर म्हणून मोजलं जातं. पुसलेल्या फाइलचं नाव आखूड आणि नव्या फाइलचं लांब असेल तर ती त्या मोकळ्या जागेत मावतच नाही आणि पुढे सरकते. म्हणून हे सगळं लहरीपणाने चाललंय असं वाटतं, पण त्यात लहर काही नाही.

यावरून दोन गोष्टी उघड होतात. कार्डावर नुसती नावं बदलून या जातीच्या प्लेअरवर उपयोग नाही. तो नाव बघतच नाही. आणि एखादी फाइल पुसून तीच पुन्हा टाकणं हा तर घोळ वाढवण्याचा मार्ग.

पक्का उपाय असा. कॉम्प्युटरच्या स्वतःच्या डिस्कवर एक मूळ फोल्डर ठेवा, त्यात सगळ्या फाइली शून्य लावलेल्या क्रमांकांनी. कार्डावरचं हवं ते आधी तिथे उतरवून घ्या, मग कार्ड फॉरमॅट करा आणि तो पूर्ण फोल्डर एकदम कार्डावर टाका. फोल्डरच्या फोल्डर टाकला की विंडोज आपल्या डिस्कवरून नावाच्या क्रमाने फाइली उचलते. सुट्या फाइली निवडून ओढायच्या असतील तर नावाने लावून घ्या, सगळ्या निवडा आणि पहिल्या फाइलवर माउस धरून ओढा. मधलीच एखादी धरून ओढली तर कॉपी तिथून सुरू होते आणि आधीच्या फाइली शेवटी जातात. 'पाचवा पहिला का लागतो' याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. आणि एका पेनड्राइव्हवरून दुसऱ्यावर थेट कॉपी टाळा. पहिल्यावरचा विस्कळीत क्रम तसाच पुढे येऊ शकतो. फोनला ओटीजी लावून भरणाऱ्यांनाही माझा हाच सल्ला: नंतर क्रम तपासा, कारण फोनमधलं फाइल ॲप कुठल्या क्रमाने लिहील ते त्याच्या मर्जीवर.

प्लेअरला कार्ड नसून आतलीच मेमरी असेल तर कॉम्प्युटरवरून फॉरमॅट करण्यापेक्षा प्लेअरच्या स्वतःच्या मेनूतून करा. आत त्याच्या कामाच्या काही फाइली असू शकतात.

दर वेळी एवढा खटाटोप कोण करणार? बरोबर आहे. एखाददुसरी फाइल वाढवायची असेल तर एक युक्ती चालते. कार्डावरच एक नवा रिकामा फोल्डर करा आणि जुन्या फोल्डरमधल्या फाइली कट-पेस्टने त्यात क्रमाने हलवा, नवी फाइल तिच्या जागी आली की ती टाका, मग पुढच्या हलवा. एकाच कार्डावर हलवताना गाणं पुन्हा लिहिलं जात नाही, फक्त यादीतली नोंद नव्याने होते, त्यामुळे मोठ्या फाइलीही क्षणात सरकतात. शेवटी जुना रिकामा फोल्डर पुसा आणि नव्याला त्याचं नाव द्या. मात्र फोल्डरच्या फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला तर आतला क्रम आहे तसाच राहतो. फाइलीच हलवाव्या लागतात.

ज्यांना कॉम्प्युटरची भीती नाही त्यांच्यासाठी याहून सोपं: कार्डावरची ही यादीच नावाने लावून देणारे फुकट प्रोग्रॅम आहेत. विंडोजवर ड्राइव्हसॉर्ट, लिनक्स आणि मॅकवर फॅटसॉर्ट. काही नवं भरलं की एकदा चालवायचा, काम झालं. फॅटसॉर्ट चालवताना कार्ड अनमाउंट केलेलं, म्हणजे जोडलेलं पण सिस्टिमने उघडलेलं नसलेलं, असावं लागतं. आणि काही चालवण्याआधी मूळ प्रत डिस्कवर आहे ना ते बघा, कारण हे प्रोग्रॅम थेट यादीलाच हात घालतात. प्लेअर कॉम्प्युटरला लावल्यावर ड्राइव्ह म्हणून दिसतच नसेल, तर त्याच्या सेटिंगमध्ये यूएसबी मोड एमटीपीवरून एमएससीवर न्या. एमटीपीत असताना हे प्रोग्रॅम त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

काही जण वैतागून सगळे अध्याय जोडून एकच फाइल करतात. करू नका. १२८ केबीपीएसला (सेकंदाला किती डेटा लागतो त्याचं हे माप) दहा तासांचं वाचन म्हणजे सुमारे ५७६ एमबीची एकच फाइल. प्लेअरने शेवटची जागा लक्षात ठेवली नाही तर रबाळ्यापासून पुढे ढकलायला घेतलेली फाइल घणसोली, कोपरखैरणे गेलं तरी हवी तिथे पोचत नाही. बोलण्याचंच रेकॉर्डिंग असेल तर जागा वाचवायला ६४ केबीपीएस मोनो पुरतं. तासाला २९ एमबीच्या आत बसतं आणि शब्द स्पष्ट ऐकू येतात. गायनाला मात्र ही काटकसर नको.

टॅगवर चालणारा प्लेअर

पडदा असलेले, कलाकार-अल्बम अशी वर्गवारी दाखवणारे प्लेअर या जातीचे. इथे फाइलचं नाव कितीही सुबक असो, आतला ट्रॅक नंबर रिकामा असेल तर क्रम शीर्षकाच्या अक्षरावर जातो. 'अध्याय दहावा' हा 'अध्याय दुसरा'च्या आधी येतो तो असा, कारण द नंतर एकात ह आहे, दुसऱ्यात उकार, आणि युनिकोडमध्ये ह आधी येतो. एमपीथ्रीटॅगमध्ये सगळ्या फाइली एकदम उघडा, अल्बमचं नाव सगळ्यांना अक्षरशः एकच द्या आणि ट्रॅक नंबर भरा. अक्षरशः म्हणजे मागे एक रिकामी जागा जास्त पडली तरी काही प्लेअर दुसरा अल्बम धरतात. साइटवरून उतरवलेल्या गाण्यांत अल्बमच्या जागी त्या साइटचंच नाव ठोकलेलं असतं, त्यामुळे लावणी आणि अभंग एका अल्बमात शेजारी बसतात. ते आधी पुसून टाका.

टॅगमध्ये मराठी लिहिल्यावर पडद्यावर प्रश्नचिन्हं किंवा चौकोन दिसतात त्याची कारणं वेगळी आहेत. प्रश्नचिन्हं आली तर बहुधा प्लेअर जुन्या पद्धतीचा आयडीथ्री आवृत्ती १ चा टॅग वाचतोय. हा टॅग फाइलच्या शेवटी १२८ बाइटमध्ये बसतो, त्यात शीर्षकाला ३० अक्षरं असतात आणि देवनागरीला जागाच नाही. चौकोन आले तर अक्षरं पोचली आहेत, पण प्लेअरमध्ये देवनागरी फाँट नाही. पहिल्यावर उपाय आहे: टॅग लिहिताना आवृत्ती २.३ आणि यूटीएफ-१६ हा पर्याय निवडा, २.४ आवृत्ती बऱ्याच स्वस्त प्लेअरना कळत नाही. दुसऱ्यावर उपाय नाही, मुकाट्याने रोमन लिपीत लिहा. जोडाक्षरं फोडून दाखवणारे प्लेअरही आहेत. ते वाचण्यापेक्षा रोमन बरं, असं माझं मत.

टॅग बदलल्यावर प्लेअरने यादी पुन्हा बनवायला हवी. काही प्लेअर केबल काढताच आपोआप बनवतात, काहींत सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश करावं लागतं. 'सगळं केलं तरी तसंच' म्हणणाऱ्यांचं घोडं इथे अडलेलं असतं.

क्रमाचं वाटणारं, पण क्रमाचं नसलेलं

मॅकवरून गाणी भरली असतील तर प्रत्येक गाण्यामागे टिंब आणि अधोरेषेने सुरू होणाऱ्या नावाची एक छोटी लपलेली फाइल कार्डावर येते. मॅकवर ती दिसत नाही, प्लेअर मात्र तिला गाणं समजून वाजवायला जातो आणि अडखळतो किंवा पुढे उडी मारतो. विंडोजवर लपलेल्या फाइली दाखवा आणि त्या पुसून टाका. कॉपीच्या क्रमावर चालणारा प्लेअर असेल तर नंतर वर सांगितल्याप्रमाणे यादी पुन्हा लावा, नाहीतर पुसलेल्या जागांमध्ये पुढची भरती होईल.

६४ जीबी किंवा मोठं कार्ड घातल्यावर प्लेअरला काहीच दिसत नसेल तर ते कार्ड एक्सफॅट पद्धतीचं असतं आणि स्वस्त प्लेअरना बहुतेकदा फॅट३२ च कळतं. अशा प्लेअरला ३२ जीबीचं कार्ड घ्या आणि मोकळे व्हा. तेवढ्यातही १२८ केबीपीएसची पाचशेहून जास्त तासांची भर मावते.

आणि गाणं मधेच तुटून दुसऱ्याच गाण्याचा तुकडा वाजत असेल, किंवा भरलेल्या फाइली दुसऱ्या दिवशी गायब होत असतील, तर क्रम लावत बसू नका. ते कार्ड खोट्या क्षमतेचं असण्याची शक्यता जास्त. स्टेशनबाहेरच्या गाड्यावर फार स्वस्तात मिळालेलं असेल तर विशेषच. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफथ्री चालवला की खरी क्षमता कळते. मात्र आधी कार्ड रिकामं करा, आणि चाचणीला वेळ लागतो म्हणून ती रात्री लावून झोपा.